रंगाआधी टाकी: जुन्या बाइकची पेट्रोलटाकी खरवडून दुरुस्त करताना

हीरो होंडाची सीडी 100 आपल्याकडे आली 1985 साली आणि तिची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. आमच्या मामाने त्यातला शेवटचा भाग फारच मनावर घेतला. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जिन्याखाली त्याची गाडी अकरा वर्षं उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. वाडा पाडायला निघाला तेव्हा गाडी ढकलत माझ्याकडे आली. इंजिन तिसऱ्या दिवशी सुरू झालं. टाकीला मात्र सहा रविवार लागले, कारण मी सुरुवातच उलट्या बाजूने केली होती.

मी आधी पेंटरकडे गेलो. शुक्रवार पेठेतले जुने पेंटरकाका, हातातलं काम न सोडता त्यांनी टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केली. वर टण्ण वाजलं, डाव्या कुशीवर टप्प वाजलं. म्हणाले, "इथं पत्रा आहे, इथं लांबी आहे. लांबीखाली काय आहे ते तुम्ही बघून या. मग रंगाचं बोलू." लांबी म्हणजे पोचे भरून सपाट करायची पुट्टी.

मी वैतागलो होतो, पण त्यांचं बरोबर होतं. टाकी जर कुठे झिरपत असेल तर पेट्रोल रंगाच्या खालून वर येतं. महिन्या-दोन महिन्यांत रंगाला फोड येतात आणि पापुद्रा सुटतो. मग वरून कितीही भारी क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारलेला असो. म्हणून हा लेख रंगाचा नाही. टाकी रिकामी करण्यापासून प्रायमर मारून पेंटरच्या हाती देईपर्यंतचा आहे.

कधी करायचं? दिवाळी झाल्यावर ते होळीपर्यंत. पुण्यात या दिवसांत हवा कोरडी असते. जून ते सप्टेंबरात उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबडा होतो आणि लांबीत ओल धरते. मी श्रावणात हात घातला होता, पुन्हा घालणार नाही.

आधी पेट्रोल, आणि त्याची वाफ

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी उडी मारून पुढे जाऊ नका.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला ती भडकते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र तळाशी चमचाभर पेट्रोल उरलं तरी हे मिश्रण अगदी हवं तसं जमून येतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. तळमजल्यावर काम करत असाल तर शेजारच्या खोलीतला गॅस गिझर किंवा देवघरातली समईही तिला पुरते. मी गच्चीवर काम करतो. तिथेही पाण्याच्या पंपाच्या स्विचपासून लांब.

एका वेल्डिंगच्या दुकानात भिंतीला एक टाकी टांगलेली पाहिली होती. तिचं पोट मडक्यासारखं फुगलेलं आणि खालची शिवण उसवलेली. मालक म्हणाला, गिऱ्हाईक सांगत होतं, "धुतलीय हो, वास पण नाही." वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं होत नाही. गंजाच्या खवल्यांत आणि दुमडलेल्या शिवणीत पेट्रोल दडून बसतं आणि पत्रा तापला की बाहेर येतं.

तर, गाडीवरून टाकी काढताना आधी कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) बंद करा, कॉकची नळी काढा, सीट काढा, मागचा बोल्ट सोडवा आणि टाकी मागे ओढून वर उचला. पुढच्या रबरांवर ती घट्ट बसलेली असते, त्यामुळे थोडं हलवत काढावी लागते. रबरं जपून ठेवा. कडक झाली असतील तर नवी घ्या, कारण टाकी चेसिसला घासून भोक पडायची सुरुवात तिथूनच होते.

जुनं पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. अनेक वर्षं पडलेल्या पेट्रोलला लाकडाच्या पॉलिशसारखा आंबूस वास येतो आणि रंग चहासारखा होतो. ते गटारात ओतू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, पार्ट धुवायला तो कदाचित घेईल.

कॉक काढला की त्याच्यावरची उभी नळी आणि जाळी बघा. जाळी फाटलेली असेल तर गंज कार्बोरेटरपर्यंत पोचलेला आहे असं समजा. कॉकचं रबर आणि ओ-रिंग नाना पेठेत मिळून जातात. गाडीचं मॉडेल सांगण्यापेक्षा जुना कॉकच खिशात घालून न्या.

आता टाकी गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. एकदा नाही, चार-पाच वेळा. शेवटी काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी ओता आणि झाकण व कॉकचं भोक उघडं ठेवून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. जावा, येझदी किंवा राजदूत असेल तर धुणं आणखी वाढवा. या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत, त्यामुळे आत तेलाचा थर असतो. त्या थराने टाकी गंजापासून बऱ्यापैकी वाचलेली असते, पण तो निघाल्याशिवाय पुढचं ॲसिड पत्र्यापर्यंत पोचत नाही.

खरवडण्याआधी मोजमाप

स्टिकर आणि बिल्ला कुठे होता हे रंग काढल्यावर आठवत नाही. फोटो काढाच, पण फोटोवरून अंतर कळत नाही. बटर पेपर टाकीवर ठेवून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पेन्सिलीने उतरवून घ्या आणि शिवणीपासूनचं अंतर त्यावरच लिहा. दोन्ही बाजू उतरवा. कंपनीतून आलेल्या गाडीतही डावी-उजवी तंतोतंत सारखी असेलच असं नाही. आणखी एक: झाकणाखाली किंवा टाकीच्या बोगद्यात (खालच्या बाजूची, चेसिसवर बसणारी पोकळी), जिथे ऊन लागत नाही, तिथला रंग मूळचा असतो. तेवढा रुपयाएवढा तुकडा शेवटपर्यंत ठेवा. रंग जुळवायला पेंटरला तोच लागतो. आणि रंगच बदलायचा विचार असेल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो हे लक्षात ठेवून आधी आरटीओत चौकशी करा.

रंग काढणं

तीन रस्ते आहेत. पहिला पॉलिश पेपरचा. स्वस्त, पण पूर्ण टाकी नुसत्या पेपरने काढायची म्हणजे हाताची पेरं सोलून निघतात आणि धूळ नाकात जाते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे ही धूळ कोरडी उडवू नये. दुसरा सँड ब्लास्टिंगचा. भोसरीच्या एमआयडीसीत करून देणारे आहेत आणि चेसिससाठी ते उत्तमच. पण टाकीचा पत्रा एखाद मिलिमीटरचा असतो. जास्त दाबाने तो तापून लाटा धरतो, आणि आत वाळू शिरली तर ती वर्षभर कॉकमध्ये येत राहते. द्यायचीच झाली तर सगळी भोकं ठोकून बंद करून द्या आणि बारीक दाणा, कमी दाब असं दोनदा सांगा.

मी तिसरा धरतो, पेंट रिमूव्हरचा. बोहरी आळीत हार्डवेअर आणि रंगांच्या दुकानांत मिळतो. जेलीसारखा असतो. जुन्या ब्रशने जाड थर लावायचा, एकाच दिशेने. भिंतीला रंग देतो तसं मागेपुढे घासायचं नाही. वर प्लॅस्टिकची पिशवी चापून बसवायची म्हणजे तो वाळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने तो ढकलत काढायचा. लोखंडी पट्टीने ओरखडे पडतात आणि ते नंतर भरत बसावे लागतात. कंपनीचा रंग साधारण दोन हातांत येतो. वरून कोणी दोनदा रंगवलेली असेल तर चार.

हातमोजे जाड रबराचे घाला. बारीक मोजे यात विरघळतात. मोज्याच्या आत गार किंवा झोंबल्यासारखं वाटलं की लगेच काढून हात धुवा. साधा मास्क धुळीला ठीक, या वाफेला त्याचा उपयोग नाही. म्हणूनच उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. रिमूव्हर शिवणीत राहू देऊ नका. तिथे तो लपला तर नवा रंग त्याच रेषेत उकलतो. शेवटी भरपूर पाणी, मग थिनरच्या फडक्याने पुसणं, मग 80 आणि 120 नंबरचा पेपर.

माझ्या टाकीच्या डाव्या कुशीवर रंग निघाला आणि खाली राखाडी रंगाची एक थाळीच दिसली. जवळजवळ अर्धा सेंटीमीटर लांबी! तिच्याखाली पोचा आणि पोच्याच्या टोकाला, बरोबर खालच्या शिवणीवर, इपॉक्सीचा सुकलेला गोळा. म्हणजे कुणीतरी कधीतरी गळती थांबवली, वर लांबी थापली, वर रंग मारला आणि गाडी मामाला विकली. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "मी म्हणत होतोच ॲव्हरेज कमी देते."

तुम्ही वापरलेली टाकी विकत घेणार असाल, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना दिसतात तशी, तर फ्रिजवरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घेऊन जा. लांबीच्या जाड थरावर तो धरत नाही, घसरतो. मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. तपकिरी पूड चालेल, पापुद्रे आणि खड्डे दिसले तर भाव करत बसू नका, पुढे चला.

आतला गंज

गंज आता का वाढलाय, असं सगळेच विचारतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आता पंपांवर मिळणारं पेट्रोल बहुतेक ई-20 आहे, म्हणजे वीस टक्के. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. गाडी रोज चालत असेल तर टाकीत ताजं पेट्रोल येत राहतं, फारसं बिघडत नाही. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर झाकून ठेवली तर मात्र वरचा पत्रा दवाने आणि खालचा पाण्याने गंजतो.

आधी सुटा गंज पाडायचा. यासाठी लोक आत नट टाकून टाकी हलवतात. मीही टाकले. मोजून चाळीस टाकले आणि एकोणचाळीस बाहेर आले. चाळिसावा नट बोगद्याच्या वरच्या खाचेत जाऊन बसला होता. गच्चीवर टाकी डोक्यावर धरून उलटीपालटी करणारा मी आणि खाली उभं राहून बघणारे सोसायटीचे चेअरमन, असा अर्धा रविवार गेला. शेवटी दोऱ्याला लोहचुंबक बांधून तो काढला. त्यापेक्षा सायकलची जुनी चेन घ्या. पुण्यात ती कुठल्याही सायकलवाल्याकडे पडलेली असते. ग्रीस धुवून काढा, एक टोक तारेने बांधून ती तार भरायच्या तोंडातून बाहेर ठेवा. चेन एकसंध आत जाते, एकसंध बाहेर येते. साबणाचं पाणी घालून दहा-दहा मिनिटं हलवायची, घाण ओतायची, पुन्हा. पाणी चहाच्या रंगाचं सोडून फिकट व्हायला लागलं की पुरे.

मग ॲसिड. संडास धुवायचं ॲसिड वापरा म्हणून कुणीतरी सांगेलच. ते गंज खातं, पण पत्राही खातं, आणि आधीच पातळ झालेल्या जागी चाळणी करून ठेवतं. लिंबूसत्व घ्या, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात पुड्या मिळतात, जास्त हवं तर केमिकलवाल्याकडे किलोने. एका लिटरला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला पाऊण किलोपेक्षा थोडं कमी. पाणी गरम घ्या, हात सोसेल एवढं. गरम पाण्यात काम निम्म्या वेळात होतं.

कॉकचं भोक बंद करायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी, त्याच जुन्या बोल्टांनी आवळलेली. ॲल्युमिनियमची पट्टी लावू नका, ॲसिड तिला खातं. टाकी काठोकाठ भरायची, कारण जिथे हवा राहते तिथला गंज तसाच राहतो. झाकण घट्ट लावायचं नाही. आत बुडबुडे येतात, त्यात हायड्रोजन असतो, तो बाहेर जायला वाट हवी. विडी-सिगारेट लांब.

सहा तासांनी टॉर्च मारून बघा, मग दर दोन-तीन तासांनी. माझ्या टाकीला सोळा तास लागले. पत्रा राखाडी दिसला की थांबायचं. आणखी एक रात्र राहू दे म्हणून ठेवू नका. लिंबूसत्व सौम्य असलं तरी ॲसिडच आहे.

इथून पुढची वीस मिनिटं मात्र धावपळीची. सगळं साहित्य आधी हाताशी मांडून ठेवा. ॲसिड ओतलं की लगेच पाण्याने धुवायचं, मग दोन मुठी धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आत फिरवायचं, मग पुन्हा साधं गरम पाणी, आणि लगेच हेअर ड्रायर. भरायच्या तोंडातून हवा आत, कॉकच्या भोकातून बाहेर. टाकी आधी नीट धुतली असेल तरच ड्रायर लावायचा, हे पुन्हा सांगतो. तरीही आत हलकी नारिंगी झाक येईल. उघड्या लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की ती मिनिटांत येते. बाहेरचा पत्राही तांबूस होईल, तो 120 च्या पेपरने निघतो. घाबरून पुन्हा रात्रभर ॲसिड भरू नका.

भोकं शोधणं

गंज निघाला की नवी भोकं दिसतात. काही जणांना वाटतं ॲसिडने पाडली. तशी ती आधीपासूनच असतात, गंजाने बुजलेली.

झाकणाच्या जागी रबर दाबून धरा, कॉकच्या नळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि शिवणीवर साबणाचा फेस लावा. दोन-तीन पीएसआयच्या वर जायचं नाही. टाकी म्हणजे ट्यूब नव्हे, जास्त दाबाने सपाट भाग फुगतो आणि परत बसत नाही. पंपाचे दोन हलके धक्के पुरतात. जिथे बुडबुडा वाढेल तिथे परमनंट मार्करने गोल करा. मला पाच मिळाली, चार शिवणीवर आणि एक मागच्या बोल्टाच्या पट्टीजवळ. पाणी शेवटी साचतं ते टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात, म्हणून भोकंही तिथेच.

आता दुरुस्ती. सुईच्या टोकाएवढ्या भोकाला डाख, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा सांधा, चालतो. पत्रा चकचकीत घासायचा, फ्लक्स (कथील पत्र्याला धरायला मदत करणारा लेप) लावायचा, जड सोल्डरिंग आयर्नने तापवून कथील पसरू द्यायचं. कथील गोळा होऊन बसलं तर तो डाख नव्हे. पत्र्यावर पाण्यासारखं पसरलं तरच धरलं. माझा सल्ला असा की पहिल्यांदा करत असाल तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. पातळ पत्र्यावर डाख देणं हे त्याचं रोजचं काम, आणि त्याचा हात बघून पुढच्या वेळी तुम्हाला जमेल. शिवण लांबवर उसवली असेल किंवा भोक डाळीच्या दाण्याहून मोठं असेल तर पितळी वेल्डिंग, म्हणजे ब्रेझिंग, नाहीतर पत्र्याचं ठिगळ. हे घरी करू नका. टाक्यांचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या आणि आत पेट्रोल होतं, कसं धुतलं, किती दिवस झाले, हे त्याला स्पष्ट सांगा. चांगला कारागीर तुमच्यावर विश्वास न ठेवता पुन्हा स्वतः धुतो. तसं करत असेल तर टाकी बिनधास्त ठेवून या.

काम झाल्यावर ती जागा गरम पाण्याने आणि ब्रशने घासून धुवायची. फ्लक्स राहिला तर तोच पुढे पत्रा खातो आणि वरचा प्रायमर उचलतो.

शेवटची चाचणी डिझेलची. दोन-तीन लिटर आत घालून टाकी ज्या बाजूला शिवण जास्त खराब होती त्या बाजूवर कलती ठेवायची, खाली कालचं वर्तमानपत्र. शिवणीवर खडू फिरवून ठेवा. चोवीस तासांत खडूची रेघ कुठे ओली-काळपट झाली नाही आणि कागदावर डाग नाही, तर टाकी पास. पाणी जिथे अडतं तिथून डिझेल झिरपतं, म्हणून ही परीक्षा कडक आहे. शिवाय डिझेल काढल्यावर आत जो पातळ थर राहतो, तो रंग होऊन येईपर्यंत गंज धरू देत नाही.

आतून इपॉक्सीचं अस्तर लावायचं का? टाकीला खूप बारीक भोकं असतील आणि तशी दुसरी मिळत नसेल तर लावा, पण रंगाच्या आधी. ते सांडलं तर नव्या रंगाचं वाटोळं करतं. डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असेल तरच घ्या. आणि त्याआधी डिझेलचा थर पूर्ण धुवावा लागेल. माझं मत विचाराल तर चांगल्या पत्र्याला अस्तर नको. गंजावर लावलेलं अस्तर दोन वर्षांनी सोलपटून सुटतं आणि कॉकच्या तोंडाशी जाऊन बसतं. मग गाडी कात्रजच्या चढावर बंद पडते आणि दोष प्लगला दिला जातो.

पोचे आणि लांबी

टाकीत हात जात नाही, म्हणून पोचा आतून ठोकता येत नाही. भरायच्या तोंडाजवळचा असेल तर वाकवलेल्या सळईने थोडा ढकलता येतो. बाकी डेंटर बाहेरून पिन चिकटवून ओढतो. पूर्ण सपाट व्हायची गरज नाही. पत्रा दोन मिलिमीटरपर्यंत वर आला तर उरलेलं लांबी करते. माझ्या टाकीसारखी अर्धा सेंटीमीटर लांबी थापली तर ती थरथरीने तडकते.

लांबी भरण्याआधी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचा एक हात मारून घ्या. पेपर मारल्यावर त्याच दिवशी. हाताचा घामही पत्र्यावर बोटांचे ठसे उमटवतो, दुसऱ्या दिवशी ते तांबडे दिसतात. पुसायला थिनर आणि दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं. डिझेल बाहेर कुठे ओघळलं असेल तर तिथे तीनदा. दोन भागांचा इपॉक्सीच घ्या. नुसता रेड ऑक्साइड गेटला ठीक आहे, पेट्रोलच्या थेंबाला तो टिकत नाही.

लांबी म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा, असं पेंटरकाका सांगतात. काचेच्या तुकड्यावर पट्टीने दाबून मिसळायची, रंगाच्या रेघा जाईपर्यंत. फेटायची नाही, हवा शिरली की पेपर मारताना टाचणीएवढी भोकं पडतात. हातात पाचेक मिनिटं असतात, एप्रिलच्या दुपारी तीही नाहीत. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकते खरी, पण तो पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. थर पातळ द्या आणि दोन-तीनदा द्या.

घासायचं कोरडं. पाणी पेपर इथे नको, लांबी पाणी पिते आणि ते पाणी नंतर रंगाखाली फोड होऊन दिसतं. 80, मग 120, 180, शेवटी 320. पेपर बोटांत धरला की बोटांच्या नाल्या पडतात. पेंटरकाकांनी मला जुन्या हवाई चपलेचा कापलेला तुकडा दिला. तो टाकीच्या गोलाईवर वाकतो आणि तरी सपाट राहतो. बाजारात यासाठी ब्लॉक मिळतात, मी अजून तो चपलेचाच तुकडा वापरतो.

आणि बघायचं डोळ्यांनी नाही. पहिल्या वेळी मला टाकी आरशासारखी वाटत होती. काकांनी माझ्या हातावर पातळ सुती फडकं टाकलं, डोळे मिटायला लावले आणि तळहात पुढून मागे फिरवायला सांगितला. पोच्याच्या कडेला हात हलकेच खाली उतरला, जिन्याची पायरी चुकल्यासारखा. डोळे उघडून पुन्हा बघितलं तर तिथे काहीही दिसत नव्हतं. "रंग झाल्यावर दिसेल," ते म्हणाले. "चकाकी चुगली करते." आणखी दोन हात लांबी गेली.

सपाटी पटली की पूर्ण टाकीवर सरफेसरचे (रंगाआधी घासून सपाट करायच्या प्रायमरचे) दोन हात, मधे वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ. वर काळा स्प्रे अगदी पुसट उडवा आणि 400 चा पेपर मारा. काळं उरेल तिथे खळगा, सरफेसर लगेच निघेल तिथे उंचवटा. नंतर 600 किंवा 800 चा पाणी पेपर, इथे पाणी चालतं. वाळायला टाकी गच्चीत टांगणार असाल तर कबुतरांचा बंदोबस्त करा. माझ्या पहिल्या सरफेसरवर त्यांनी सही केली होती.

पेंटरकडे देताना

वरचा रंग आणि क्लिअर मी स्वतः मारत नाही. चांगला टिकणारा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर दोन भागांचा असतो, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट, आणि त्यासाठी बूथ व योग्य मास्क हवा. साध्या डब्यातला स्प्रे घरी मारता येतो, पण पेट्रोल भरताना एक थेंब ओघळला की तिथे तो मऊ पडतो.

पेंटरला दोन गोष्टी सांगा. टाकीला डाख दिलेला असेल तर तो कुठे आहे. आणि पावडर कोटिंग नको. पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांवर चालते, कथील-शिशाचा नेहमीचा डाख 183 अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि लांबीही त्या उष्णतेत टिकत नाही. चेसिस पावडर कोटिंगला देताना टाकीही त्याच टेम्पोत घालायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. बोगदा, झाकणाची गळपट्टी आणि कॉकची बसायची जागा यांवर जाड रंग नको. कॉकचं रबर रंगावर बसलं तर रंग तिथे चेपतो आणि गळती परत सुरू होते.

टाकी परत आली की रंग पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे पेंटर सांगेल तितके दिवस, पेट्रोल भरू नका. भरण्याआधी झाकणातलं हवेचं बारीक भोक फुंकून बघा. लांबीची धूळ आणि रंग हमखास त्यातच जाऊन बसतात, आणि ते बंद असेल तर गाडी दोन-तीन किलोमीटर छान चालून बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा सुरू होते. नळीत पारदर्शक फिल्टर घाला. आधी एक लिटर पेट्रोल टाकीत हलवून कॉकमधून बाहेर काढा, डिझेलचा थर त्यात जातो. मग अर्धी टाकी भरा आणि पहिले आठ दिवस रोज सकाळी शिवणीखालून बोट फिरवून बोटाचा वास घ्या.